पहिला नमुना गावातच निघतो

फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातील वेहळोली गावी एका पोल्ट्रीत शंभराच्या आसपास कोंबड्या अचानक मेल्या. नमुने पुण्याला गेले, एच५एन१ विषाणूचा बर्ड फ्लू असल्याचे स्पष्ट झाले आणि एक किलोमीटर परिघातले सुमारे २५ हजार पक्षी नष्ट करण्याचे ठरले. त्याच सुमारास पलीकडच्या वसई-विरार पट्ट्यातूनही बर्ड फ्लूची बातमी आली. या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात, तानसा नदीच्या काठी, भिवंडी तालुक्यातले वज्रेश्वरी आहे. चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई विजयाशी जोडलेले देवीचे मंदिर आणि अकलोली-गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडे यांमुळे इथे वर्षभर माणसे येतात. त्यांत वयस्कर माणसे पुष्कळ, आणि त्यांच्यापैकी अनेकांना रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असतो. कोंबडीचा विषाणू आणि माणसाचे हृदय यांचा एकमेकांशी संबंध काय, असे कुणी विचारील. संबंध निदानाचा आहे. दोन्हीकडे निदानाची किल्ली मोठ्या शहरातल्या महागड्या यंत्रात असते, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात आजार सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या काही तासांत, गावातच, कुणी काय तपासले आणि कोणता नमुना कसा घेतला, यावर पुढचे सगळे ठरते. वज्रेश्वरीसारख्या गावाच्या वाट्याला हा पहिला टप्पाच सर्वांत दुबळा आला आहे. जिल्ह्याच्या आरोग्य आणि पशुसंवर्धन या दोन्ही खात्यांनी आपला पैसा आणि माणसे आधी तिथे लावावीत, असे माझे म्हणणे आहे.

विषाणूजन्य रोगांत वेळेला किती महत्त्व असते, हे लाळ्या-खुरकूत या रोगात नीट दिसते. गाय-म्हशीच्या जिभेवर, हिरड्यांवर आणि खुरांच्या बेचक्यात फोड येतात. फोड न फुटलेला किंवा नुकताच फुटलेला असताना त्याची साल घेतली, तर तिच्यात विषाणू भरपूर सापडतो. काही दिवसांनी जखम भरू लागली की तिथे फारसे काही मिळत नाही. मग घशातला स्राव खास उपकरणाने खरवडून काढावा लागतो, आणि ते काम कुणालाही जमण्यासारखे नाही. त्यात हा विषाणू आम्लाला अतिशय नाजूक आहे. सामू सहाच्या खाली गेला की तो मरतो. म्हणून ती साल ग्लिसरीन मिसळलेल्या, सामू सातच्या थोडा वर राखलेल्या द्रावणात ठेवून बर्फावर पाठवावी लागते. कुणी सवयीने ती फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकली, तर विषाणू जिवंत वेगळा करणे अशक्य होते. लम्पी त्वचारोगाचे गणित याच्या उलट. रक्तातला विषाणू थोडेच दिवस राहतो, पण गाठीवरच्या वाळलेल्या खपलीत तो महिनाभरही टिकतो. म्हणजे एकाच गोठ्यात, एकाच पशुवैद्याला, आजाराचा कितवा दिवस आहे हे विचारून मगच काय उचलायचे ते ठरवावे लागते. पुण्यातल्या औंधच्या पशुरोग प्रयोगशाळेतले यंत्र कितीही उत्तम असले, तरी चुकीच्या दिवशी घेतलेल्या चुकीच्या नमुन्यातून ते बरोबर उत्तर काढू शकत नाही.

महाराष्ट्राने याची मोठी किंमत नवापुरात मोजली आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या या गावी जानेवारी २००६ च्या अखेरीपासून कोंबड्या मरत होत्या. मर राणीखेतची, म्हणजे मानमोडीची असावी, असा समज सुरुवातीला झाला आणि तो अगदीच निराधार नव्हता. दोन्ही रोगांत पक्षी झपाट्याने मरतात, दोन्हींत श्वास लागतो, तुरा आणि डोके सुजल्यासारखे दिसू शकते. प्रयोगशाळेतही पहिल्या पायरीवर फसगत होऊ शकते, कारण कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशी एकत्र गोळा करण्याचा गुण दोन्ही विषाणूंत आहे. पेशींचे जाळे तयार झाले म्हणजे काहीतरी आहे एवढेच कळते. एच५ विरुद्धचा सीरम टाकल्यावर ते जाळे थांबते की मानमोडीविरुद्धचा टाकल्यावर, हे पाहिल्याशिवाय रोगाचे नाव घेता येत नाही. भोपाळच्या अतिसुरक्षित प्रयोगशाळेने बर्ड फ्लूवर शिक्कामोर्तब केल्याचे १८ फेब्रुवारीला जाहीर झाले. भारतातला तो पहिला नोंदलेला उद्रेक. मधल्या तीन आठवड्यांत पक्षी, अंडी, खत, पिंजरे आणि माणसे यांची ये-जा चालूच होती, आणि शेवटी काही लाख पक्षी मारावे लागले. भोपाळची चाचणी चुकली नव्हती. तिच्यापर्यंत योग्य प्रश्न पोचायला उशीर झाला.

आता छातीत दुखणाऱ्या माणसाकडे येऊ. कुंडावर आलेल्या साठीच्या बाईंना घाम फुटतो, पोटाच्या वरच्या भागात जळजळ होते, डावा हात जड वाटतो. सोबतची माणसे पित्त झाले म्हणतात, सोडा देतात, थोडे पडून राहायला सांगतात. स्त्रियांत आणि मधुमेह असलेल्यांत हृदयविकाराचा झटका छातीत जोराची कळ न येताही येतो, त्यामुळे ही चूक घराघरांत होते. अशा रुग्णाचा ईसीजी पहिल्या वैद्यकीय संपर्कापासून १० मिनिटांत निघावा, असे जगभरची मार्गदर्शक सूत्रे सांगतात. सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने सरकणाऱ्या कागदावर एसटी नावाचा भाग मूळ रेषेवरून एक-दोन मिलिमीटर उचलला गेलेला दिसला, तर हृदयाची रक्तवाहिनी पूर्ण बंद झाली असण्याची दाट शक्यता असते. त्या क्षणी रक्तातल्या ट्रोपोनिनच्या अहवालाची वाट पाहणेही चूक ठरते. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतले प्रथिन. पेशी मरू लागल्यावर ते रक्तात झिरपते. साध्या किटवर ते दिसायला चार-सहा तास लागू शकतात. अतिसंवेदनशील चाचणीत ते लवकर दिसते, तरी काही तासांनी पुन्हा तपासून चढ-उतार पाहावाच लागतो. दुखू लागल्यावर तासाभरात काढलेले ट्रोपोनिन निगेटिव्ह आले म्हणून रुग्णाला घरी पाठवणे आणि खपली धरलेल्या जिभेतून लाळ्या-खुरकूतचा विषाणू शोधणे, या दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. आजार किती वेळापूर्वी सुरू झाला, हेच विचारायचे राहून जाते.

भारतातल्या ८९ रुग्णालयांतील २० हजारांहून अधिक हृदयरुग्णांची नोंद ठेवणारा क्रिएट अभ्यास २००८ साली लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाला. त्यातला एक आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंत गेलेला मध्यक वेळ होता ३६० मिनिटे. रुग्णालयात पोचल्यावर गुठळी विरघळवणारे औषध सुरू व्हायला मात्र ५० मिनिटेच लागत होती. खरी गळती रुग्णालयाच्या दाराबाहेर होती. त्याच अभ्यासात गरीब रुग्णांमध्ये ३० दिवसांतले मृत्यू श्रीमंतांपेक्षा जास्त होते, आणि त्यांना मिळालेले उपचार कमी होते. वज्रेश्वरीहून भिवंडी वीस-पंचवीस किलोमीटर, ठाणे त्याहून बरेच पुढे. अंबाडी नाक्याचा आणि भिवंडी-वाडा रस्त्याचा अनुभव असलेल्या कुणालाही तिथला प्रवास किती बेभरवशाचा आहे हे सांगावे लागणार नाही. निदानापासून दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होणार नसेल, तर गुठळी विरघळवणारे औषध तिथल्या तिथे देऊन रुग्णाला पुढे हलवावे, असा वैद्यकशास्त्राचा सल्ला आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या स्ट्रीम अभ्यासाने दाखवले की लवकर आलेल्या रुग्णांमध्ये या मार्गाचे फळ थेट अँजिओप्लास्टीच्या जवळपास येते. मेंदूत रक्तस्रावाचा धोका थोडा वाढतो, म्हणून वृद्धांमध्ये मात्रा निम्मी करावी लागते. पण हे सगळे शक्य होते ते पहिला ईसीजी वज्रेश्वरीतच निघाला तर. तो भिवंडीत किंवा ठाण्यात निघणार असेल, तर औषध देण्याची सर्वांत चांगली वेळ रस्त्यातच निघून गेलेली असते.

विज्ञानाच्या पातळीवर ही दोन क्षेत्रे वाटतात त्याहून जवळची आहेत. १९७१ मध्ये स्टॉकहोममध्ये एंगवाल आणि पर्लमान यांनी एलायझा ही पद्धत मांडली. प्रतिपिंड एखाद्या रेणूला नेमका धरतो, आणि त्याला जोडलेले विकर रंग आणून ती पकड डोळ्यांना दाखवते. लाळ्या-खुरकूत, शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर, गुरांची बुळकांडी यांच्या तपासण्या याच तत्त्वावर झाल्या, आणि ट्रोपोनिन मोजणाऱ्या चाचण्याही दोन प्रतिपिंडांच्या मध्ये प्रथिन पकडूनच चालतात. विषाणू आणि हृदय यांचे नाते तर आणखी थेट आहे. लाळ्या-खुरकूतच्या साथीत लहान वासरे तोंडात एकही फोड न येता धाडकन पडून मरतात. शवविच्छेदनात हृदयाच्या स्नायूवर पिवळट-करडे पट्टे दिसतात, पशुवैद्यक त्याला वाघासारखे हृदय म्हणतात. पिल्लांमध्ये पार्व्हो विषाणू हृदयाला सूज आणतो, माणसांत कॉक्सॅकी बी गटाचे विषाणू तेच करतात. तरुण मुलगा छातीत दुखते म्हणून येतो, ट्रोपोनिन वाढलेले असते, ईसीजी बिघडलेला असतो, आणि रक्तवाहिन्या मात्र स्वच्छ निघतात, तेव्हा डॉक्टरला विषाणूचाच विचार करावा लागतो. मेलेल्या वासराचे हृदय कापून न पाहणारा पशुवैद्य आणि त्या मुलाला नुकताच ताप येऊन गेला होता का, हे न विचारणारा डॉक्टर या दोघांच्याही हातून उत्तर निसटते. अशा वेळी सगळ्यात आधी लागते ती नीट घेतलेली हकिकत आणि जागेवर केलेली तपासणी.

हकिकतीचे महत्त्व दुसऱ्या एका अडचणीतूनही कळते. पॉझिटिव्ह अहवाल म्हणजे रोग, असे समीकरण लोकांच्या मनात पक्के बसले आहे, आणि ते धोक्याचे आहे. सप्टेंबर २०१९ पासून देशात लाळ्या-खुरकूतविरोधी लसीकरणाचा मोठा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. लस घेतलेल्या म्हशीच्या रक्तात प्रतिपिंडे सापडणारच. ती लसीची की खऱ्या संसर्गाची, हे ओळखण्यासाठी विषाणू शरीरात वाढतानाच तयार होणाऱ्या, पण शुद्ध केलेल्या लसीत नसलेल्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे शोधावी लागतात. त्यासाठी जनावराच्या कानातला १२ अंकी बिल्ला आणि लसीच्या तारखेची नोंद हाताशी हवी. ट्रोपोनिनचेही तसेच. मूत्रपिंडाचा जुना आजार, जंतुसंसर्गाने बिघडलेली प्रकृती, फुप्फुसातली गुठळी अशा अनेक कारणांनी ते वाढते. समजा, एखाद्या आजाराची चाचणी शंभरात ९५ वेळा बरोबर उत्तर देते आणि हजार धडधाकट लोकांत तो आजार फक्त दहाजणांना आहे. सरसकट सगळ्यांची तपासणी केली तर नऊ-दहा खरे रुग्ण सापडतील, आणि त्यांच्यासोबत ४९-५० निरोगी माणसे रुग्ण ठरतील. शहरांत हृदयतपासणीची जी पॅकेजे विकली जातात, त्यांत हेच घडते: ज्यांना गरज नाही त्यांच्या चाचण्यांवर चाचण्या होतात. आणि अकलोलीच्या कुंडाशी घामाने भिजलेल्या बाईंचा एक ईसीजी निघत नाही. ही विषमता मला अन्यायाची वाटते.

यावर काही आक्षेप येतील आणि ते गंभीरपणे घ्यायला हवेत. पहिला आक्षेप सुरक्षिततेचा. एच५एन१सारखा विषाणू तालुक्याच्या प्रयोगशाळेत हाताळणे धोक्याचे आहे, शिवाय चुकीची बातमी पसरली तर अंडी-कोंबडीचा बाजार एका दिवसात कोसळतो. जिवंत विषाणू वाढवण्याचे आणि अंतिम शिक्कामोर्तबाचे काम भोपाळलाच राहावे, यात वाद नाही. पण नमुना घेऊन तो विषाणू निष्प्रभ करणाऱ्या द्रावणात टाकला, तर पुढची जनुकीय चाचणी जिल्हा पातळीवर सुरक्षितपणे करता येते. कोविडच्या काळात आपण हे पाहिले आहे. २०२० च्या सुरुवातीला पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेवर सगळा भार होता. वर्षभरात देशात दोन हजारांहून अधिक प्रयोगशाळा तीच चाचणी करू लागल्या. जनावरांसाठी उभारलेल्या भोपाळच्या आणि बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या संस्थांनीही त्या वेळी माणसांचे नमुने तपासले. गोव्यातल्या वेर्णे इथे तयार होणारे, बॅटरीवर चालणारे ट्रुनॅट यंत्र क्षयरोगासाठी छोट्या आरोग्य केंद्रांपर्यंत पोचलेच आहे. बाजार कोसळण्याची भीती खरी आहे, पण नवापुरात बाजार वाचला नाही, आणि नुकसान मात्र वाढले. शिवाय भरपाई मिळते ती सरकारने नष्ट केलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. म्हणजे लवकर कळवणे पोल्ट्रीवाल्याच्याही हिताचे आहे. ते त्याला कुणीतरी जाऊन सांगायला मात्र हवे.

दुसरा आक्षेप असा की गोठ्यात किंवा दवाखान्यात होणाऱ्या झटपट चाचण्या चुकतात. चुकतात, हे खरे. म्हणून त्यांच्यावर अंतिम निवाडा सोपवायचा नसतो. संशय पक्का करून पुढची हालचाल सुरू करण्यापुरता त्यांचा उपयोग. बुळकांडीचा इतिहास इथे साक्षीला आहे. गुरांचा हा भयंकर रोग २०११ साली जगातून संपला. त्यात चांगल्या लसीचा वाटा मोठा होता, पण शेवटच्या टप्प्यात उरलेसुरले विषाणू कुठे दडले आहेत हे शोधायला, गोठ्यातच डोळ्यांच्या पाण्यावर करता येणारी पट्टीची चाचणी ब्रिटनमधल्या पिरब्राइट संस्थेने तयार केली आणि ती पाकिस्तानसारख्या देशात प्रत्यक्ष वापरली गेली. तिच्यात उणिवा होत्या, पण अंतिम खात्री मोठ्या प्रयोगशाळेत होत राहिली आणि मधले दिवस वाया गेले नाहीत. ईसीजीबाबतही तेच. आरोग्य केंद्रातल्या तरुण डॉक्टरला प्रत्येक ईसीजी वाचता येईलच असे नाही, पण त्याचा फोटो दोन मिनिटांत हृदयरोगतज्ज्ञापर्यंत जाऊ शकतो. महाराष्ट्रात काही जिल्ह्यांत स्टेमी नावाच्या प्रकल्पाखाली ग्रामीण ईसीजी दूरवरून वाचण्याची व्यवस्था उभी राहिलीही आहे. मी मागतो आहे ती अशाच व्यवस्थेची वाढ.

तिसरा आक्षेप सर्वांत व्यवहारी: यंत्रे दिली तरी चालवायला माणसे कुठे आहेत? ग्रामीण आरोग्य केंद्रे आणि पशुवैद्यकीय दवाखाने यांत पदे रिकामी राहतात, यंत्र आले की त्याचा कागद संपतो, बॅटरी उतरते, तंत्रज्ञ बदली होऊन जातो. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, आणि म्हणूनच फक्त यंत्रखरेदीच्या बातम्यांनी मला समाधान वाटत नाही. ईसीजी काढायला विशेष पदवी लागत नाही. परिचारिका तो काही दिवसांत शिकते. मृत कोंबडीच्या घशातला आणि गुदद्वारातला स्वॅब घेणे, तो वाहक द्रावणात बुडवून तीन आवरणांत बांधणे आणि बर्फाच्या डब्यात ठेवणे, हे पशुधन पर्यवेक्षकाला शिकवता येते. जे शिकवायला सोपे आणि खर्चाला स्वस्त, तेच आपण मागे ठेवले आहे. एका कोंबडीच्या किमतीपेक्षा चाचणी महाग, असेही म्हटले जाते. पण ती चाचणी त्या कोंबडीसाठी नसते. शेजारच्या पोल्ट्रीसाठी असते, पक्षी हाताळणाऱ्या मजुरासाठी असते. जुलै २०२१ मध्ये हरियाणातला एक मुलगा दिल्लीच्या एम्समध्ये एच५एन१ ने दगावला. भारतातला तो पहिला नोंदलेला मानवी मृत्यू. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने गेले, आणि भोपाळचा अहवाल येईपर्यंत नवे वर्ष उजाडले होते.

राज्याकडे धागे आहेत. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका २०१४ पासून धावत आहेत, जनावरांसाठी १९६२ हा क्रमांक आहे, आणि २००९ च्या प्राण्यांतील सांसर्गिक रोगांच्या केंद्रीय कायद्याने पशुपालकावर रोग कळवण्याची जबाबदारी टाकली आहे. हे धागे गावात एकत्र बांधणारे कुणी नाही. वज्रेश्वरीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दिवसरात्र चालणारा ईसीजी, तो लगेच वाचणारा तज्ज्ञ फोनवर, गुठळी विरघळवणारे औषध आणि हृदयाची जीवघेणी बिघडलेली लय विजेच्या झटक्याने थांबवणारे डिफिब्रिलेटर हवे. चैत्रातल्या यात्रेच्या काळात तर कुंडांजवळच एक वैद्यकीय पथक हवे. परिसरातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नमुन्यांची तयार पेटी, बर्फ, वाहक द्रावण आणि त्याच दिवशी औंधला नेणारी गाडी हवी. आणि महिन्यातून एकदा डॉक्टर व पशुवैद्य यांनी एकत्र बसून गावात काय दिसते आहे, कुठे मर आहे, कुठे ताप आहे, हे एकमेकांना सांगायला हवे.

वेहळोलीत जे झाले ते वज्रेश्वरीत होऊ शकते, आणि छातीत दुखणारी माणसे तर आजही तिथे येतात. ठाणे जिल्हा परिषदेने पुढच्या अंदाजपत्रकात या दोन दवाखान्यांच्या पहिल्या टप्प्यासाठी स्वतंत्र तरतूद करावी. आणि वाचकांना विनंती एवढीच: छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात अचानक दुखू लागले, घाम फुटला, तर पित्त समजून थांबू नका, १०८ ला फोन करा आणि ईसीजी कुठे लवकर निघेल ते विचारा. पोल्ट्रीत किंवा गोठ्यात एकाएकी मर सुरू झाली, तर मेलेले पक्षी नदीत टाकू नका, उकिरड्यावर फेकू नका, हात लावू नका. त्याच दिवशी १९६२ ला किंवा जवळच्या पशुवैद्यकाला कळवा.